खिडकीकडे धरलेला सांधा

करवतीचं पातं पूर्ण थांबलं तसे सुनेनं कापलेल्या फळीचे दोन्ही तुकडे उचलले, एक पालथा करून दुसऱ्याला भिडवला आणि सांधा खिडकीकडे धरला. ही युक्ती सासऱ्यांनीच तिला दाखवली होती. काप जरा जरी तिरका असला, तर तुकडा पालथा घालताच चूक दुप्पट होते आणि फटीतून उजेड दिसतो.

उजेड दिसला नाही.

"काय, तपासनीसबाई? पास का नापास?" सासऱ्यांनी विचारलं.

"पास," ती म्हणाली. मनातली पाल मात्र चुकचुकतच राहिली.

काल याच सांध्यात नख जाईल एवढी फट होती. तिनं दाखवली, तर सासऱ्यांनी फळी खिडकीकडे धरून, कुठंय, म्हणून तिलाच वेड्यात काढलं होतं. त्यांची नजर सांध्याच्या वीतभर बाजूला होती. पेला ठेवण्याआधी ते टेबलाची कड चाचपतात, वर्तमानपत्राचं पान उलटायचं विसरतात, हे तिनं हेरून ठेवलं होतं. नवऱ्याला सांगितलं, तर बाबांचा हात झोपेतही गुण्यात, अगदी काटकोनात चालतो म्हणून तो हसला. पण या फळ्यांची होणारी खाट तिच्या आठ महिन्यांच्या लेकीची होती. कठड्याची एखादी पट्टी जरी तिरकी कापली गेली, तरी ती कधीतरी निखळणार. आणि त्याआधी, त्या पात्याजवळची ती बोटं.

मग कालचा तिरका काप आज सरळ कसा झाला?

सासरे पाणी प्यायला आत गेले तशी ती करवतीवर वाकली. फळी ठेवून पुढे ढकलायला त्यांनी प्लायची एक सरकती पाटी बनवली होती. तिला ते 'गाडी' म्हणत. गाडीच्या मागच्या आडव्या पट्टीला टेकवूनच फळी कापायची. त्या पट्टीच्या डाव्या टोकाला घडी घातलेला कागदाचा कपटा चिकटवलेला होता; तेवढ्या जाडीनं फळी केसभर वळून काप सरळ येत होता. तिनं नखानं कोपरा उचकटला. आत निळ्या शाईत बाळाच्या वजनाचे आकडे होते. अक्षर सासूबाईंचं. भुशानं शिंका येतात म्हणून गेली कित्येक वर्षं इथला उंबरा न ओलांडणाऱ्या सासूबाईंचं.

आतून शिंक ऐकू आली.

म्हणजे आईंना सगळं माहीत होतं, आणि तरीही त्या गप्प! तिचे कान तापले. ती तरातरा निघाली, तोच सासरे दारात आले. नेहमीसारखे करवतीपाशी जाऊन त्यांनी पट्टीवरून अंगठा फिरवला. कपट्यापाशी अंगठा थांबला. उचकटलेला कोपरा त्यांनी न बघताच जपून, दाबून बसवला.

ती जागीच थबकली.

"तिला बोलू नकोस काही," ते म्हणाले. "तिला वाटतं, मला कळलेलं नाही."

मग बटणावर गेलेला हात त्यांनी मागे घेतला आणि बाजूला सरकून जागा करून दिली.

"अजून बारा पट्ट्या आहेत. घाई करायची नाही. बोटं पात्याच्या रेषेत आणायची नाहीत. मी आवाजावरून सांगतो."

तिनं ओढणी मागे घट्ट बांधली. गाडीच्या कडेला, वर्षानुवर्षं त्यांचे तळवे टेकून गुळगुळीत झालेल्या जागी, आपले हात ठेवले.

आतून पुन्हा शिंक आली. दोघांनीही ती ऐकली नसल्यासारखं केलं.