तिसरा कप्पा

"म्हणजे तुम्ही इथे राहता की नाही राहत?" बँकेच्या माणसाने तिसऱ्यांदा विचारलं.

राहतो, असं मी म्हणालो खरा, पण माझं मलाच पटलं नाही. घरकर्जाच्या अर्जावर लिहिलेला पत्ता खरा आहे का, हे बघायला तो आला होता. फौजेतल्या माणसाला कर्ज चटकन मिळतं म्हणतात. ही चौकशी मात्र कुणाला चुकत नाही. बायको कामावर गेली होती, मुलगी कॉलेजात. घरात मी एकटा होतो आणि परवा माझी सुट्टी संपत होती.

"किती वर्षं झाली इथे?"

"नऊ." मग मला उगाच खरं बोलायची हुक्की आली. "पण नुसत्या सुट्ट्या धरल्या तर दीड वर्ष."

त्याचं पेन थांबलं. फॉर्मवर दोनच चौकोन होते, 'राहतात' आणि 'राहत नाहीत'. फॉर्म छापणाऱ्याला माझी आठवण झाली नव्हती.

त्याला पाणी द्यावं म्हणून स्वयंपाकघरात गेलो. बंदूक डोळे मिटून खोलतो नि जोडतो, पण पेले काही सापडेनात. या दारात डाळी, त्या दारात डबे. शेवटी दुधाच्या मापातून पाणी नेलं. त्याने एकदा मापाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि गुपचूप प्यायला.

शेजाऱ्यांना विचारायचा नियम होता. समोरच्या काकूंनी दार उघडून मला नखशिखान्त न्याहाळलं.

"हे होय? ताईंकडे येतात की अधूनमधून. पाहुणे आहेत त्यांचे." मग माझा चेहरा बघून त्यांनी जोड दिली, "माणूस चांगला आहे हो."

मी त्याला घरात आणून भिंतीवरचा लग्नाचा फोटो दाखवला.

"नवरा आहात हे पटलं, साहेब. राहता हे पटत नाही." बिचारा कानकोंडा झाला होता. दारावरची पाटी बायकोच्या नावाची, विजेचं बिल तिचं, गॅसही तिचाच. रांगेत उभी राहायला तीच होती ना. "तुमचं सामान तरी दाखवा."

मी पलंगाखालून ट्रंक ओढली. वर माझं नाव आणि पलटण रंगवलेली, आत कपड्यांच्या घड्या.

"ही तर निघायच्या तयारीत दिसते," तो म्हणाला.

महिनाअखेर कर्ज झालं नाही तर घरमालक ही भाड्याची जागा दुसऱ्याला विकणार होता. आजवर चार घरं बदलली, चारही वेळा बायकोने एकटीने बिऱ्हाड हलवलं. मला फक्त फोनवर नवा पत्ता कळायचा. पाचव्यांदा तिला हे करायला लागू नये, एवढंच मला हवं होतं. मी तिला फोन लावला.

"अगं, या घरात माझं असं काय आहे?"

"आत्ता? इथे रांग लागलीय माझ्यापुढे."

"बँकेचा माणूस बसलाय. त्याला दाखवायचंय."

"कपाटातला तिसरा कप्पा बघा."

मी कपाट उघडलं. वरचे दोन तिच्या साड्यांनी भरलेले, खालचे मुलीच्या कपड्यांनी ओसंडणारे. तिसरा मोकळा.

"यात काहीच नाही गं."

"तुमचाच आहे. पोरगी केव्हाची मागतेय, दिला नाही मी." आणि तिने फोन ठेवला.

कप्प्यात वर्तमानपत्र अंथरलं होतं. बँकेच्या माणसाने वाकून त्यावरची तारीख वाचली. गेल्याच आठवड्याची होती. मी दर सुट्टीत त्या कपाटाच्या आरशासमोर दाढी केली होती, पण कपाट कधी उघडलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली.

"रिकाम्या कप्प्याचा फोटो चालायचा नाही, साहेब," तो हळूच म्हणाला. "दोन शर्ट ठेवा."

मी ट्रंकेतले दोन शर्ट काढून ठेवले. त्याने फोटो घेतला, फॉर्मवर पहिल्या चौकोनात खूण केली आणि गेला. शर्ट परत ट्रंकेत घालायचे की नाही, ते मला कळेना. मी तसाच पलंगावर बसून राहिलो.

संध्याकाळी बायको आली. साडी ठेवायला तिने कपाट उघडलं आणि थबकली.

"हे परवा न्यायचेत ना?"

"राहू देत."

तिने कपाट लावलं, दोन पावलं गेली, आणि मागे येऊन पुन्हा उघडून बघितलं.