सतरा नंबरचा तुकडा

अ‍ॅव्हरिल ओल्डरॉइडला सतरा नंबरचा तुकडा हातातून जायला हवा होता, आणि तो काही केल्या जात नव्हता.

तसं पाहिलं तर त्यात अवघड काहीच नव्हतं. सिंडर लेनच्या उतारावर असे चव्वेचाळीस तुकडे होते. नगरपालिकेचे, घरची भाजी पिकवण्यापुरते, ज्याच्या-त्याच्या नावावर दिलेले. नियम सगळ्यांना पाठ होता. निम्म्याहून जास्त जमीन लागवडीखाली हवी. नसली की कमिटीची चिठ्ठी येते, तरी सुधारणा झाली नाही की दुसरी येते, आणि दुसरी आली की किल्ली परत. प्रतीक्षायादीत नव्वद माणसं टपून बसलेली असतात. अ‍ॅव्हरिलला पहिली चिठ्ठी ऑगस्टमध्ये आली. ती तिने दारातच उभ्या उभ्या वाचली आणि घडी करून खिशात घातली. कित्येक महिन्यांत तिला इतकं बरं वाटलं नव्हतं.

आपण होऊन सोडते म्हणायची तिची छाती नव्हती. तुकडा डेस्मंडचा, तिच्या नवऱ्याचा. लोकरीच्या गिरणीत पाळी करून आला की तो तडक तिथे जायचा, अशी एकतीस वर्षं. दोन वर्षांपूर्वी त्याला झटका आला आणि डावं अंग गेलं. इस्पितळात सहा आठवडे तोंडातून शब्द नाही, आणि पहिला फुटला तो 'कांदे'. बायकोचं नाव नाही, देवाचं नाही, कांदे! नर्सला हसू आवरेना. त्या दिवशी अ‍ॅव्हरिलने त्याचा हात धरून सांगितलं होतं, "मी बघते कांद्यांचं. तू बरा हो." बोलून बसली. इस्पितळात माणूस काय वाट्टेल ते कबूल करतो.

डेस्मंड बरा झाला तो खुर्चीपर्यंत. सकाळी त्याला उठवायचं, धुवायचं, दाढी करायची, अंगात कपडे चढवायचे, लापशी भरवायची, फोन उजव्या हाताशी ठेवायचा, आणि दहाला निघून तो उतार चढायचा. चौऱ्याहत्तर वर्षांचे गुडघे. त्यात सप्टेंबर म्हणजे जिवावर उठलेला महिना. घेवडा दोन दिवस तोडला नाही की चामड्यासारखा होतो, बटाटे काढायचे राहिलेले, टोमॅटोवर करपा, कोबीवर कबुतरं, आणि पांढऱ्या फुलांची ती चिवट वेल सगळ्यांच्या गळ्यात पडलेली. सकाळी दवाने बूट भिजायचे ते दुपारपर्यंत ओलेच.

वर डेस्मंडच्या सूचना. या उन्हाळ्यापासून त्याचा चोखंदळपणा हाताबाहेर गेला होता. भोपळे उन्हाकडे तोंड करून फिरवून ठेव. दोन ओळींमधलं अंतर दोरीने मोजून बघ. शेडमधल्या कुंड्या धू, आकाराप्रमाणे लाव. एकदा तर लीकच्या, त्या लांब पातीच्या कांद्यासारख्या भाजीच्या, रोपांची पानं मोजून यायला सांगितलं. त्या दिवशी ती शेडमागे बादली पालथी घालून अर्धा तास नुसती बसली आणि घरी जाऊन म्हणाली, "सात-सात आहेत."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

"छान," डेस्मंड म्हणाला.

तर, पहिली चिठ्ठी आल्यावर तिने खुरपं खाली ठेवलं ते ठेवलंच. रोज जायची, घेवडा तोडायची, बादलीवर बसायची आणि तण वाढताना बघायची. हरळी वाटेवर आली. बीटच्या वाफ्यात बीट शोधावं लागायला लागलं. कमिटीची पाहणी सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी होती. कमिटीने तुकडा काढून घेतला, की घरी जाऊन म्हणायचं, काय करणार डेस, नियम आहे. शिव्या कमिटीला, आणि तिची सुटका. मनात तिने ते वाक्य इतक्यांदा घोकलं होतं की त्यात थोडी हळहळसुद्धा बरोबर जागी बसली होती.

पाहणीच्या आदल्या गुरुवारी ती वर पोचली आणि फाटकाशीच थबकली. अर्धा तुकडा खणून स्वच्छ केलेला. माती काळीभोर, भुसभुशीत. कडा दोरी लावून कापल्यासारख्या सरळ. उपटलेल्या तणाचा कमरेएवढा ढीग कोपऱ्यात नीट रचलेला.

शेजारच्या अठरा नंबरवर बॅरिंग्टन भोपळ्यांखाली पेंढा घालत होता. नऊ वर्षांचा असताना जमैकाहून आलेला, जन्मभर बस चालवून निवृत्त झालेला माणूस. एकवीस वर्षांपासूनचा डेस्मंडचा शेजारी.

"बॅरिंग्टन, हे कोणी केलं?"

"कोल्हा आला असेल," बॅरिंग्टन मान वर न करता म्हणाला.

"कोल्हा कुदळ घेऊन आला?"

"हल्लीचे कोल्हे शिकलेले असतात, मिस अ‍ॅव्हरिल. या सरळ रेघा बघून मला वाटतं गणितात हुशार असावा."

त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. तोही काही तरणाबांड नव्हता, सत्तरी उलटलेली. अ‍ॅव्हरिलला रडू आलं, रागाने आलं, आणि राग कोणावर काढायचा ते कळेना. एवढं करून त्या भल्या माणसाने आभारांची अपेक्षासुद्धा ठेवली नव्हती.

"त्या कोल्ह्याला थँक्यू सांगा," ती म्हणाली.

"सांगतो. म्हणत होता, उरलेलं उद्या."

आणि खरंच, शुक्रवारी उरलेलंही झालं.

शनिवारी सकाळी पाहणी आली. पाहणी म्हणजे ग्लेनिस, कमिटीची सेक्रेटरी. पूर्वी शाळेत मुख्याध्यापिका होती, आणि ते तिच्या चालण्यातून अजून गेलं नव्हतं. हातात कागद लावलेली पाटी, गळ्यात चष्मा. सतरा नंबरवर येऊन तिने मातीत बुटाचं टोक खुपसलं, पाटीवर बरोबरची खूण केली आणि अ‍ॅव्हरिलच्या दंडावर हात ठेवला.

"काळजी सोड आता. पहिली चिठ्ठी पाठवली तेव्हा माझ्या जिवावर आलं होतं, पण नियम म्हणजे नियम. मग म्हटलं, आपण चव्वेचाळीस घरं, आणि डेस्मंडचा तुकडा जाऊ देतो की काय? आम्ही पाळ्या लावल्यात."

"कसल्या पाळ्या?"

"मदतीच्या! दर रविवारी दोघं जण येतील. पुढच्या सप्टेंबरपर्यंतची यादी तयार आहे. हे बघ." तिने पाटीवरचा दुसरा कागद उलटला. रंगीत शाईने चौकोन आखलेले होते. "लसूण लावण्यापासून सगळं. तू फक्त सांगायचं."

पुढचा सप्टेंबर. अ‍ॅव्हरिलने तो कागद बघितला. बावन्न चौकोन, प्रत्येकात दोन नावं, आणि प्रत्येक रविवारी त्या दोघांसाठी फ्लास्कमधून चहा आणायचा, हसायचं, आभार मानायचे. ती बादलीवर बसली.

"मला नकोय," ती म्हणाली.

"अगं, संकोच कसला त्यात?"

"संकोच नाही, ग्लेनिस. हा तुकडा नकोय मला. मी थकले. तो काढून घ्यावा म्हणून तर मी तण वाढवत होते!"

ग्लेनिसचा चष्मा डोळ्यांपर्यंत जाता जाता थांबला. पलीकडे बॅरिंग्टन कुदळीवर दोन्ही हात ठेवून उभा होता. त्याने आधी अ‍ॅव्हरिलकडे बघितलं, मग त्या भुसभुशीत मातीकडे.

"दोन दिवस," तो म्हणाला. "दोन दिवस माझी कंबर धरलीये, मिस अ‍ॅव्हरिल. तोंड नव्हतं का तुम्हाला?"

"तुम्हाला तरी होतं का विचारायला?"

यावर तो हसायला लागला. कंबरेला हात लावून, कण्हत कण्हत हसला. ग्लेनिसला मात्र हसू आलं नाही. तिने पाटीखालून तुकडा सोडण्याचा छापील फॉर्म काढला. "पण सही डेस्मंडची लागेल," ती हळू आवाजात म्हणाली. "नाव त्याचं आहे."

म्हणजे फिरून फिरून तिथेच. उतार उतरताना अ‍ॅव्हरिलने तीनदा वाटेतल्या कचऱ्याच्या पेटीकडे बघितलं. फॉर्म टाकून द्यावा, रविवारच्या पाळ्या येऊ द्याव्यात, आणखी एक वर्ष रेटावं. दोन वर्षं रेटलं तसं. पण एकदा तोंडातून बाहेर पडलेलं परत आत जाईना.

डेस्मंड खिडकीशीच होता. तिने अंगातला कोट न काढता फॉर्म त्याच्या मांडीवर ठेवला, आणि घोकलेलं वाक्य आठवलंच नाही.

"डेस, मला तो तुकडा सोडायचाय. कमिटीने सांगितलेलं नाही. मला सोडायचाय. मी वचन दिलं होतं आणि माझ्याच्याने ते होत नाही."

त्याने फॉर्म वाचला. त्याला आता वाचायला वेळ लागे. अ‍ॅव्हरिल उभीच होती. तो रडेल, ओरडेल, किंवा काहीच न बोलता खिडकीबाहेर बघत बसेल. ते शेवटचं तिला सोसलं नसतं.

"पेन कुठंय?" डेस्मंड म्हणाला.

"तुला... चालेल?"

"मला कांद्यांचं काय करायचंय, अ‍ॅव्हरिल? मला साधा कांदा सोलता येत नाही." शब्द एकेक करून येत होते. "तुकडा मी तुझ्यासाठी ठेवला होता. सकाळी मला धुताना तुझा चेहरा मला दिसतो. तिकडे गेलीस की दोन तास मी नसतो तुझ्यासमोर. म्हणून कामं सांगायचो. जून-जुलैपासून तर सुचेनातच, काहीतरी बनवून सांगत होतो."

"लीकची पानं?"

"फार झालं होतं ते. कळत होतं मला."

अ‍ॅव्हरिल खाली बसली. खोटं आहे, असं तिला म्हणता आलं असतं. तुझ्यापासून दूर जायला मला कशाला हवंय, वेडा कुठला, असं काहीतरी. पन्नास वर्षांच्या संसारात अशी वाक्यं तयारच असतात. पण शेडमागची ती बादली तिच्या डोळ्यांसमोर आली. तिथे बसून ती जमिनीवर वैतागायची, गुडघ्यांवर, तणावर, आणि तरी साडेअकरा वाजले की तिचा घरी यायला पाय निघत नसे. ते तिने स्वतःलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

तिने ड्रॉवरमधून पेन काढून त्याच्या उजव्या हातात दिलं आणि फॉर्मखाली वर्तमानपत्राची घडी सरकवली. त्याने सही केली. पूर्वीसारखी पल्लेदार नाही, पण ओळखू येईल अशी.

"आता दहाला कुठे जाशील?" त्याने विचारलं.

"माहीत नाही," ती म्हणाली. मग तिच्याने राहवलं नाही. "पण जाईन, डेस. मला जावं लागेल."

डेस्मंडने मान डोलावली. पेनाचं टोपण त्याला एका हाताने लावता येईना, म्हणून त्याने ते तिच्याकडे पुढे केलं.

"जा," तो म्हणाला. "आल्यावर काय केलंस ते मी विचारणार नाही."

तिने टोपण लावलं, आणि मग कोट काढून त्याच्यासाठी ब्रेडला लोणी लावायला उठली.