अप्पांना शनी दाखवायचा होता

दिंद्रुडच्या पेठेत गुरुपादअप्पांचं भांड्यांचं दुकान आहे. आता ते त्यांचा मुलगा राजेश्वर आणि सून शिवांजली बघतात. अप्पा सकाळी येऊन गल्ल्याशेजारी खुर्चीत बसतात आणि गिऱ्हाईक आलं की मान वाकडी करून त्याच्याकडं बघतात. नव्या माणसाला वाटतं, म्हातारा आपल्यावर रुसलाय. तसं काही नसतं. अप्पांच्या दोन्ही डोळ्यांचे पडदे मधोमध खराब झालेत. सरळ बघितलं तर समोरच्याच्या तोंडाच्या जागी राखेसारखा डाग दिसतो; कडेनं बघितलं तर माणूस थोडाफार ओळखू येतो. मधली नजर परत येणार नाही, कडेची टिकेल, असं लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा अप्पा त्यांना म्हणाले होते, "टिकंल ना? मग बास झालं."

अप्पांना आकाशाचा फार नाद. शिवांजली लग्न होऊन आली तेव्हा उन्हाळा होता आणि घरातली सगळी स्लॅबवर झोपायची. नव्या सुनेला माहेरच्या आठवणीनं झोप लागत नाही हे अप्पांच्या ध्यानात आलं असावं. त्यांनी काही विचारलं नाही. आपल्या बाजेवर पडल्या पडल्याच ते सांगायला लागले, "ते बघ बाजलं, सप्तर्षींचं. ती तिकडं विंचवाची नांगी. दिसली का?" ऐकता ऐकता तिचा डोळा लागला. पुढं तिचं बीएस्सीचं शेवटचं वर्ष राहिलंय हे कळल्यावर तिला परीक्षेला माजलगावला तेच घेऊन गेले, आणि पेपर सुटेपर्यंत कॉलेजच्या आवारातल्या लिंबाखाली बसून राहिले. सुनेला शिकवून काय करायचंय असं पेठेत कुणीतरी म्हणालं, तर अप्पांनी त्याला दुकानात बसवून चहा पाजला आणि विषय बदलला.

एवढं आभाळ बघितलेल्या माणसाची एक हौस मात्र राहून गेली होती. त्यांना शनी बघायचा होता. नुसता ठिपका नाही, कडं असलेला शनी. लहानपणी साडेसाती लागली म्हणून त्यांच्या आईनं त्यांना राक्षसभुवनला शनीच्या देवळात नेलं होतं, आणि मग कित्येक वर्षं दर शनिवारी तेल वाहायला लावलं होतं. शाळेत गुरुजींनी सांगितलं की शनीभोवती कडं आहे आणि ते दुर्बिणीतून दिसतं. तेव्हापासून अप्पा म्हणायचे, "ज्याला इतकं तेल वाहिलं, त्याचं तोंड तरी बघावं की एकदा!"

यंदा दिवाळीला अप्पांची लेक प्रणिता पुण्याहून आली ती मोठा खोका घेऊनच. आत दुर्बीण होती. नवशिक्यांसाठी असते तशी, आखूड नळीची, आत आरसा असलेली, तीन बारीक पायांवर उभी राहणारी. अप्पा त्या नळीवरून पुन्हा पुन्हा हात फिरवत राहिले. जगदेवी, म्हणजे अप्पांची बायको, तेवढी दारात उभी राहून म्हणाली, "त्याला कावून घरात बोलावता? लांब हाय त्येच बरं हाय."

प्रणिता दोन दिवसांत परत गेली. दुर्बीण लावायचं काम शिवांजलीवर आलं. दिवेलागण झाल्यावर ती स्लॅबवर गेली. पूर्वेला, आभाळात अर्ध्यावर, शनी पिवळसर दिसत होता, पण नळीत काही केल्या सापडेना. नळी बोटभर सरकवली की तो निसटायचा. शेवटी अचानक समोर आला. ज्वारीच्या दाण्याएवढा, फिकट, आणि त्याच्या मधून आरपार गेलेली सुईसारखी बारीक रेघ. शिवांजली जिन्याच्या तोंडाशी धावली. मग ओरडली, "अप्पा, लवकर या! हळू या, पण लवकर या!"

अप्पा कठड्याला धरत आले, वाकले, डोळा लावला.

"दिसला का?"

"दिसला की! वा! लई भारी."

बराच वेळ ते वाकून होते. मग सरळ झाले, सुनेच्या डोक्यावर हात ठेवला आणि खाली गेले. शिवांजलीनं पुन्हा डोळा लावला तर नळीत काहीच नव्हतं. नुसता अंधार. पृथ्वी फिरते तसा ग्रह नळीतून सरकत जातो, हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं. अप्पा वाकले तेव्हाच तो निघून गेला असणार. आणि असता तरी एवढासा दाणा त्यांच्या डोळ्यातल्या डागातच बुडाला असता. अप्पा रिकाम्या अंधाराला 'वा!' म्हणाले होते.

ती पाण्याच्या टाकीला टेकून बसून राहिली. राजेश्वर दुकान बंद करून वर आला तेव्हा तिनं त्याला सांगितलं.

"तुझं मन मोडू नये म्हणून म्हणले असतील," राजेश्वर म्हणाला. "त्यांचं असंच हाय. पण आता काय करणार? डोळा तर दुसरा आणता येत न्हाई."

"अप्पा टीव्हीवर क्रिकेट बघतात ना?" शिवांजली म्हणाली. "जवळ बसून, मान तिरकी करून. धावसंख्यासुद्धा वाचतात. मोठं असलं, उजळ असलं, हलत नसलं, की त्यांना दिसतं. मग आपण शनीला टीव्हीत आणू."

तिथून तिचं फोटो काढणं सुरू झालं.

पहिल्या दिवशी तिनं मोबाईल हातानंच भिंगाला लावला. थरथरता पांढरा डाग आला. भिंगावर मोबाईल बसवायचा चिमटा मिळतो असं कळल्यावर तिनं तो मागवला. चिमट्यानं चंद्र छान आला. चंद्रावरचे खड्डे बघून जगदेवीसुद्धा म्हणाली, "अगं बाई, ह्याला तर देवी निघाल्यात." पण शनी येईना. मोबाईलला सगळीकडं अंधारच दिसायचा, म्हणून तो आपला उजेड वाढवत न्यायचा आणि त्या उजेडात शनीचा पांढरा गोळा व्हायचा. रेघ कुठल्या कुठं जायची. बटण दाबायला बोट लावलं की सगळी नळी हलायची. त्यात उसाचा हंगाम सुरू झालेला. कारखान्याकडं जाणारे ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून घरासमोरून गेले की स्लॅब हादरायचा आणि शनी नळीत नाचायचा.

शिवांजलीला कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या सुकन्या मॅडम आठवल्या. वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं. ओळखतील का, हीच शंका. तिनं भीत भीत फोन लावला.

"दिंद्रुडची शिवांजली ना?" मॅडम म्हणाल्या. "तुझे सासरे लिंबाखाली बसायचे. मी त्यांना एकदा आत या म्हणाले होते, तर म्हणाले, पोरीला वाटंल मी पेपर बघाया आलोय."

शिवांजलीनं सगळं सांगितलं. मॅडमनी मधे एकदाही तिचं बोलणं तोडलं नाही.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "फोटो काढूच नको. व्हिडिओ काढ. वरची हवा सारखी हलत असते, पण मधेच एखादा क्षण शांत असतो. व्हिडिओत असे पुष्कळ क्षण सापडतात. कॉम्प्युटर ते चांगले चांगले निवडतो आणि एकावर एक रचतो. मग चित्र स्वच्छ होतं. पडद्यावर शनीवर बोट दाबून धर आणि उजेड खाली ओढ, अगदी मंद दिसेपर्यंत. मोबाईलला हात लावू नको, इअरफोनच्या बटणानं व्हिडिओ सुरू कर. शनीला नळीच्या एका कडेला ठेव आणि त्याला त्याचा त्याचा पलीकडं जाऊ दे. आणि दुर्बीण दिवस मावळतानाच बाहेर काढून ठेव. तिला बाहेरच्या गारव्याची सवय होऊ दे."

राजेश्वरनं तिन्ही पायांच्या मधोमध पिशवी बांधून तिच्यात दुकानातली जुनी लोखंडी वजनं भरली. दुर्बीण जागची हलेनाशी झाली. शिवांजली व्हिडिओ घेऊन माजलगावला गेली. मॅडमनी आपल्या घरी, आपल्या लॅपटॉपवर तिला सगळं करून दाखवलं आणि जेवल्याशिवाय सोडलं नाही. पण चित्र अजून पाण्याखालच्या रुपयासारखंच दिसत होतं.

"तुमचा स्लॅब दिवसभर तापतो," मॅडम म्हणाल्या. "संध्याकाळी ती सगळी वाफ वर येते. मातीवर, गवतावर दुर्बीण लावता येईल का कुठं?"

घरी येऊन तिनं हे सांगितलं तेव्हा सगळे जेवत होते. तेवढ्यात जगदेवी ताटात बघतच म्हणाली, "माझ्या भावाचं शेत हाय की धारूरला. किल्ल्याच्या अंगाला. तिथं ना ट्रॅक्टर, ना दिवा."

सगळे तिच्याकडं बघायला लागले.

"बघता काय? ह्येंना दिसावं असं मला वाटत न्हाई का?"

शनिवारीच जायचं ठरलं. वारावरून राजेश्वर हसला, पण जगदेवी म्हणाली, त्याच्याच वारी गेलेलं बरं. अप्पांना खरं काय ते सांगितलं नाही. आम्ही तिघं धारूरला मामांकडं जाऊन येतो, एवढंच राजेश्वर म्हणाला. घाट चढून शेतात पोचले तेव्हा दिवस बुडत होता. हरभऱ्याच्या बांधावर घट्ट जमीन बघून शिवांजलीनं दुर्बीण मांडली. अंधार पडला, किल्ल्याची काळी कड तेवढी उरली. हवा गार आणि अगदी गप्प होती. शनी नळीत आला तो जागच्या जागी, खिळ्यानं ठोकल्यासारखा. तिनं इअरफोनचं बटण दाबलं. शनी एका कडेनं दुसऱ्या कडेला संथ चालत गेला. तिनं त्याला पुन्हा मागं आणलं, पुन्हा जाऊ दिलं. असं कितीतरी वेळा.

मग ती सासूला म्हणाली, "अव्वा, तुमी बघा की."

जगदेवी आधी नको नको म्हणाली. मग पदर खोचून वाकली. बघत राहिली. बाजूला होऊन तिनं हात जोडले आणि म्हणाली, "एवढासा हाय व्हय? आन ह्याच्या भेवानं आमी जलमभर वाळलो."

दुसऱ्या दिवशी दुपारभर शिवांजली दुकानाच्या हिशोबाच्या लॅपटॉपसमोर बसली होती. मॅडम फोनवर होत्या. चित्र रचून झालं आणि पडद्यावर उमटलं तेव्हा ती पडद्याला नाक लावून बघत राहिली. मॅडम तिकडून विचारत होत्या, "काय गं? आलं का? बोल तरी!"

"आलं मॅडम," ती म्हणाली आणि रडायलाच लागली.

राजेश्वरनं दुकानातून अप्पांना हाताला धरून घरी आणलं. बैठकीच्या खोलीतल्या टीव्हीसमोर खुर्ची ओढली. अप्पांना वाटलं, मॅच असंल. टीव्ही लागला. काळ्या पडद्यावर परातीएवढा शनी उभा होता, मधासारख्या रंगाचा, अंगावर फिकट पट्टा, आणि दोन्ही बाजूंना निघालेली सरळ उजळ रेघ.

अप्पांनी समोर बघितलं. मग सवयीनं मान डावीकडं वळवली, हनुवटी जरा वर केली. मग तसेच थांबले.

"ह्ये काय हाय?" त्यांनी हळूच विचारलं.

"शनी हाय, अप्पा," शिवांजली म्हणाली. "काल धारूरला काढला. आपल्याच दुर्बिणीनं. अव्वा पण होत्या."

अप्पा उठले. पडद्याजवळ गेले. एक बोट रेघेच्या एका टोकाला ठेवून दुसऱ्या टोकापर्यंत नेलं.

"आन कडं? सरळ कावून दिसतंय?"

"यंदा त्याची नुसती कड आपल्याकडं आलीय. ताट डोळ्यासमोर आडवं धरल्यावर दिसतं ना, तसं. दरवर्षी थोडं थोडं उघडत जाणार हाय."

अप्पा मान डोलवत राहिले. डोळ्यांतून पाणी ओघळत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. "आईला दाखवायला पायजे होतं," एवढंच म्हणाले. मग खुर्चीत बसले आणि संध्याकाळपर्यंत उठले नाहीत. चहा तिथंच प्याले. पेठेतली माणसं आली, बघून गेली. प्रत्येकाला अप्पा सांगत होते, "आमच्या शिवांजलीनं काढलाय." जगदेवी आतून म्हणायची, "शेत माझ्या भावाचं हाय, त्ये बी सांगा."

पुढच्या आठवड्यात अप्पांनी हट्टच धरला, मॅडमच्या घरी जायचं. जगदेवीनं शेंगदाण्याचे लाडू केले, अप्पांनी दुकानातला चांगला झाकणाचा डबा निवडला आणि सगळे माजलगावला गेले. मॅडमच्या दारात अप्पांनी दोन्ही हात जोडले.

"बाई, तुमच्यामुळं बघायला मिळालं. लई उपकार झाले."

"मी फोनवर बोलले फक्त," मॅडम म्हणाल्या. "केलं तुमच्या सुनेनं."

"तिला काय म्हनू?" अप्पा म्हणाले. "म्हनाया बसलो तर दिवस मावळंल." त्यांनी मान तिरकी करून शिवांजली कुठं उभी आहे ते शोधलं, आणि तिचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला. शिवांजलीला काहीतरी बोलायचं होतं. लिंबाखालचं, स्लॅबवरच्या उन्हाळ्यातलं, पुष्कळ. ती हात तसाच राहू देऊन उभी राहिली.

परतताना धरणाच्या रस्त्यावर अप्पांनी गाडीत मागं बसल्या बसल्या विचारलं, "आता गुरूचं कसं करायचं?"

"जानेवारीत, अप्पा. तवा तो संध्याकाळीच चांगला वर आलेला असतो. त्याचे चार चंद्र पण येतील फोटोत."

"चार?" अप्पा खूश होऊन म्हणाले, आणि शेजारी पेंगणाऱ्या जगदेवीला कोपरानं हलवलं. "ऐकलं का? तुझ्या भावाला सांगून ठिव. आमी परत येणार हाव."