आत्याबाईला उठवायचं कुणी?

आधीच सांगून ठेवते, या गोष्टीतला शब्द न् शब्द खरा आहे. ठणठणीत खरा. खोटा निघाला तर माझ्या उरल्यासुरल्या दोन दाढा आत्ता इथंच गळून पडोत. ज्यांना पटत नसेल त्यांनी खुशाल उठून जावं, फक्त जाताना दार ओढून घ्या, वारं येतं.

तर, एक होत्या काटेवाल्या बाई. काटे म्हणजे वजनाचे. किराणावाला, भंगारवाला, सोनार, कुणाचाही तराजू हट्टीपणा करायला लागला की बाईंना बोलावणं जायचं. बाई यायच्या, काट्याच्या चारी कोपऱ्यांवर आपली लोखंडी वजनं ठेवून बघायच्या, आत स्क्रू पिळायच्या आणि सांगायच्या, "हा खोटं बोलत होता. आता नाही बोलणार." त्यांच्या हाताखालून गेलेला काटा इतका नेमका व्हायचा, की एकदा सोनाराच्या काट्यावर माशी बसली आणि काट्याने सांगितलं, ही जेवून आली आहे.

बाई कामाला जायच्या त्या मोटरसायकलवरून. आजकालच्या सुटसुटीत पोरींसारखी नाही हं ती गाडी. बसकी, लांबरुंद, पसरट हँडलची, जुन्या घडणीची. घरात तिला आत्याबाई म्हणत. हे नाव बाईंच्या मुलानं लहानपणी ठेवलं होतं, कारण लांबूनच आवाज येतो, येऊन बसली की जागची हलत नाही आणि उठून गेली की मागे डाग राहतो. त्याच्या खऱ्या आत्याच्या कानावर हे गेलं तेव्हा ती वर्षभर घरी फिरकली नाही, आणि बाईंनी त्या खुशीत गाडीला नवं तेल पाजलं.

आत्याबाईचे गुण काय वर्णावेत! ब्रेक दाबला की ती आधी ऐकून घ्यायची, मग विचार करायची, मग थांबायची. आरसा असा थरथरायचा की मागून एक सायकलवाला आला तरी त्यात सहा दिसायचे. चढावर पायी चालणारी माणसं तिला गाठायची, तब्येतीची चौकशी करायची आणि पुढे निघून जायची. आणि किक! पहिल्या तीन किकांना दाद नाही, चौथीला खोकला, पाचवीला उलटी लाथ. बाईंच्या उजव्या नडगीवर त्या लाथेची खूण होती, आणि त्या ती पाहुण्यांना पदकासारखी दाखवायच्या.

पण एकदा का ती सुरू झाली, की धड… धड… धड… दोन ठोक्यांच्या मध्ये माणसानं निवांत शिंकून घ्यावं. त्या ठोक्यावर बाईंचा जीव होता. "नव्या गाड्या गुणगुणतात," त्या म्हणायच्या, "ही बोलते."

आणि मग एके दिवशी हार्डवेअरच्या दुकानासमोर बारीक खडीवर बाईंचा पाय सरकला. वेग काही नव्हता, बाई जवळजवळ थांबल्याच होत्या. आत्याबाई सावकाश कलली आणि रस्त्यात आडवी झाली. बाईंनी जोर लावला. हूं नाही की चूं नाही. शेवटी दुकानातून चार माणसं धावत आली, तेव्हा कुठे ती उठली.

कुणीतरी मुलाला फोन केला. मुलगा दातांचा डॉक्टर. तो पेशंटला "आ करून बसा" म्हणून जो धावत सुटला तो तडक घरी. पेशंट बिचारा तासभर तसाच बसला. तोंडात कापूस, तक्रार तरी कशी करणार?

"आई, बास झालं," मुलगा दारातूनच म्हणाला. "पडलीस कशी?"

"मी नाही पडले. ती पडली. मी फक्त जरा घाईनं उतरले."

"एकसष्ट वर्षांची आहेस तू!"

"मग? तुझी ती पेशंटची खुर्ची केवढी कुरकुरते, मी कधी बोलले का काही?"

सूनबाई हसली. ती बस डेपोत वेळापत्रकं लावायची, त्यामुळे कुठली गाडी वेळेवर येत नाही याचं तिला नवल नव्हतं. पण मुलगा हसला नाही. तो सासू-सुनांच्या मधोमध खाली बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "आज चार माणसं होती. उद्या रस्त्यात कुणी नसलं तर? पाय अडकला तर? आई, पडल्यावर जे आपल्याला उचलता येत नाही, ते चालवू नये."

पोरगं बोललं ते काट्यावर ठेवल्यासारखं नेमकं होतं. आणि खरं बोललेलं बाईंना मान्य करावंच लागायचं, धंदाच तो त्यांचा.

"बघायला एक गृहस्थ येतायत रविवारी," मुलगा म्हणाला. "जुन्या गाड्या गोळा करतात. तिला जपतील. तुझ्यासाठी मी हलकी स्कूटर बघितली आहे."

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. "पण रविवारी मी तिला एकटीनं उचललं, तर?"

"एकटीनं?"

"एकटीनं. सगळ्यांसमोर. उचलली तर ती इथंच राहणार आणि तू पुन्हा हा विषय काढायचा नाहीस. नाही उचलली तर मी स्वतः तिला पुसून त्यांच्या हवाली करीन, आणि तोंडातून एक शब्द काढणार नाही."

मुलानं मनातल्या मनात चार धट्टीकट्टी माणसं आठवली आणि म्हणाला, "ठरलं."

सोमवारपासून बाईंनी मागच्या अंगणात जुनी गादी टाकली. त्या गादीवर आत्याबाईला अलगद उजव्या कुशीवर निजवायचं आणि उचलायला बघायचं. सोमवारी ती तसूभरही हलली नाही. मंगळवारी बाईंच्या कमरेनं निषेध नोंदवला. बुधवारी त्यांना उपाय सापडला: गाडीकडे पाठ करायची, कुल्ले सीटला टेकवायचे, एका हातानं हँडल, दुसऱ्या हातानं मागची दांडी धरायची, आणि हातांनी ओढण्याऐवजी पायांनी मागे मागे चालायचं. त्या दिवशी ती वीतभर उठली. गुरुवारी हातभर. पुन्हा दणकन गादीवर. शुक्रवारी गादी फाटली. आणि रोज संध्याकाळी तिला उभं करायला मुलाला न कळवता शेजारपाजारची माणसं गोळा करण्याचं काम सूनबाईकडे होतं.

शनिवारी संध्याकाळी बाई आडव्या आत्याबाईच्या शेजारी गादीवर बसून होत्या. बाजारातला प्रत्येक काटा किती चुकतो हे त्या नुसत्या आवाजावरून सांगायच्या, आणि आज पहिल्यांदा त्यांना वाटत होतं की चुकतोय तो आपलाच काटा. आपणच कमी भरतोय. त्यांनी फडकं घेतलं आणि टाकी पुसायला सुरुवात केली. उद्या द्यायचीच आहे तर नीट पुसून द्यावी.

सूनबाई चहा घेऊन आली. घोटभर प्यायल्यावर म्हणाली, "आई, एक विचारू? तुमची कामाची वजनं सोमवारी कुठं असतात हो?"

"डब्यांत," बाई म्हणाल्या. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना दोन लोखंडी डबे होते, कुलूपबंद.

"आणि रविवारी?"

"डब्यांतच. ती कशाला काढायची? दुकानात काढते, काम झालं की परत ठेवते."

"आणि आत्ता?"

बाईंनी कप खाली ठेवला. डब्याकडे बघितलं. सुनेकडे बघितलं. परत डब्याकडे बघितलं.

दर डब्यात वीस किलो. दोन्ही मिळून चाळीस किलो शुद्ध बीड, ओतीव लोखंड! लोकरीच्या तुकड्यांत गुंडाळलेलं, म्हणून कधी वाजलंसुद्धा नाही. इतक्या वर्षांत बाईंच्या हाताला आत्याबाई म्हणजे गाडी अधिक चाळीस किलो, हीच सवय. ती चार माणसं धापा टाकत होती, तीही त्याच्यामुळेच.

"अगं," बाई म्हणाल्या, "आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. काही मोजायच्या आधी काटा रिकामा कर, शून्यावर आण. बाजारभर लोकांना ओरडत फिरते मी यावरून! आणि स्वतः आठवडाभर…"

त्या हसायला लागल्या, सूनबाई हसायला लागली, दोघी त्या फाटक्या गादीवर अशा लोळल्या की कापूस उडून शेजारच्या छपरावर गेला. मग एकेक करून आठ वजनं बाहेर काढली, भिंतीशी ओळीनं मांडली. बाईंनी कुल्ले टेकवले, पाय रोवले आणि मागे चालायला लागल्या. आत्याबाई पाण्यातून म्हैस उठावी तशी, कुरकुरत पण निमूट, उभी राहिली.

"यांना सांगू?" सूनबाईनं विचारलं.

"खबरदार," बाई म्हणाल्या. "रात्रभर झोपू दे बिचाऱ्याला."

रविवारी सकाळी गल्ली भरली. जुन्या गाड्या गोळा करणारे गृहस्थ आले. उंच, काटकुळे, हेल्मेट काखेत. मुलगा शोरूममधून नवी स्कूटर घेऊन आला. फिकट हिरवी, पुढे रिबन बांधलेली, आणि वर बोलणारी. बटण दाबलं की गोड आवाजात म्हणायची, "आपलं वाहन निघण्यास तयार आहे." त्यानं ती मुद्दाम आत्याबाईच्या उजव्या अंगाला लावली, आईला फरक दिसावा म्हणून.

त्यानं डबे उघडून बघितले. "हे रिकामे कसे?"

"रस्त्यात पडले तर मी आधी वजनंच बाहेर काढणार," बाई म्हणाल्या. "भरल्या काट्याला कुणी हलवतं का?"

मुलानं डबे बंद केले. गृहस्थांनी गाडी अलगद डाव्या कुशीवर निजवली. बाईंनी चपला बाजूला काढल्या. पाठ केली, टेकल्या, दम घेतला.

आता गंमत अशी, की आठवडाभर त्या चाळीस किलो जास्त उचलायला बघत होत्या. पायांना सवय त्याच जोराची! बाईंनी जी मुसंडी मारली, ती आत्याबाई उठली, उभी राहिली, आणि थांबायचं सोडून तशीच पलीकडे गेली. थेट स्कूटरवर. धाडकन! रिबन तुटली, आरसा नाल्यात गेला, आणि चाळीस वर्षं जुन्या लोखंडाखालून गोड आवाज आला, "आपलं वाहन निघण्यास तयार आहे."



"सरका," बाई म्हणाल्या, "खेळ संपलेला नाही." त्या वळसा घालून पलीकडे गेल्या. ही बाजू सवयीची. पायानं आधी स्टँड बाहेर काढला, मग टेकल्या, आणि या खेपेला मोजून मापून, सोनाराच्या काट्यासारख्या, पाऊल पाऊल मागे आल्या. आत्याबाई उठली आणि स्टँडवर अशी टेकली, जणू काही झालंच नाही.

काय टाळ्या पडल्या! गृहस्थांनी हेल्मेट हवेत उडवलं, ते त्यांच्याच डोक्यात बसलं.

"दोनदा," मुलगा पुटपुटला. "आई, दोनदा उचललीस."

"एकदा तुझ्यासाठी. एकदा त्या स्कूटरसाठी, गुदमरत होती बिचारी."

मुलगा शब्दाचा पक्का. म्हणाला, "राहू दे तिला. पण एक सांग, आहे काय गं तिच्यात? तेल गळतं, थांबत नाही, लाथा मारते…"

"बस मागे," बाई म्हणाल्या.

मुलगा बसला. धड… धड… धड… बाजारातून निघाले. आत्याबाई इतकी सावकाश चालत होती की दुकानदारांना बाहेर येऊन बोलायला वेळ मिळत होता. "बाई, परवा या हो, काटा रुसलाय!" "बाई, आज मागे वजन कसलं?" "पोरगं आहे," बाई ओरडून सांगायच्या, "पासष्ट किलो, पुडीच्या कागदासकट!" मुलगा इतका हसला की तोंडात माशी गेली. ज्या लोकांच्या दाढा त्यानं काढल्या होत्या, ते एरवी त्याला बघून पलीकडच्या फुटपाथवर जायचे. आज हात हलवत होते.

आणि चढावर, व्हायचं तेच झालं. आत्याबाई खोकली आणि बंद पडली.

"उतर," बाई म्हणाल्या. "किक मार."

पहिली, दुसरी, तिसरी. काही नाही. चौथीला खोकला. पाचवीला अशी लाथ बसली की डॉक्टर भर रस्त्यात एका पायावर नाचले. पेशंट मंडळी गॅलरीतून बघत होती, त्यांचा फार दिवसांचा हिशेब चुकता झाला. सहावी किक त्यानं दात-ओठ खाऊन मारली आणि…

"सुरू झाली!" तो ओरडला. "आई, सुरू झाली! बघितलंस का, मी सुरू केली!"

लहानपणी पहिला दात पडला तेव्हा तो मुठीत धरून हेच पोरगं गल्लीभर दाखवत फिरलं होतं. तोच चेहरा. बाई मागे वळून म्हणाल्या, "त्या हिरवीनं बटणावर सुरू होऊन दाखवलं, तेव्हा ओरडला होतास का असा?"

ते घरी आले तेव्हा गृहस्थांनी मुलाचा चेहरा बघितला आणि मुकाट्यानं हेल्मेटचा पट्टा लावला. "हे नववं घर," ते सूनबाईला म्हणाले. "मी बघायला येतो, आणि विकणारेच परत प्रेमात पडतात. माझ्या घरी अजून एकही गाडी नाही."

मुलगा गाडीभोवती एक फेरी मारून आला. आरसा पुसला, परत पुसला. मग डोकं खाजवत म्हणाला, "आई, पुढच्या रविवारी मी घेऊन जाऊ का जरा? मी एकटाच?"

"ने की," बाई म्हणाल्या. "आधी उचलून दाखव."

"डबे रिकामे करून ना?"

"भरलेले," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी सुनेला गादी शिवायला घ्यायला सांगितलं.

झाली गोष्ट. दाढा चाचपून बघितल्या, आहेत. एक मात्र डळमळतेय, म्हणून सांगूनच टाकते: ती हिरवी स्कूटर त्या दिवशी तिथं नव्हती. शोरूममध्येच होती. आत्याबाई पडली ती कुंडीवर. पण स्कूटर तिथं असती, तर नक्की तिच्यावरच पडली असती.