बागेतल्या पाटीचे एकच वाक्य

मी साताऱ्यातल्या कचेरीच्या बागेतली पाटी बोलते आहे. मला बोलायची सवय नाही असे नाही. कित्येक वर्षे मी बोलतेच आहे, पण एकच वाक्य : ‘फुले तोडू नयेत. हुकमावरून.’

पूर्वी मी याच कचेरीच्या मागच्या दाराची फळी होते. दार बदलले तेव्हा सुताराने मला तासून गुळगुळीत केले आणि भाऊसो पेंटरने हिरव्या रंगावर पांढरी अक्षरे काढली. ‘हुकमावरून’ लिहिताना त्याने श्वास रोखून धरला होता. मग मला लोखंडी खांबावर बसवून गुलाबांच्या वाफ्यापुढे उभे केले. समोर राजांच्या वेळचे म्हणतात ते दगडी कारंजे, त्याच्यामागे कचेरीच्या कमानी. आपण कोणीतरी मोठे झालो असे मला वाटले.

पण माझे कोणी ऐकत नसे. वाचता येणारे लोक मला वाचत, इकडेतिकडे बघत आणि फूल खुडत. वकील ते कोटाला लावत, त्यांच्या बायका अंबाड्यात खोवत. कृष्णात माळी अशा वेळी पाठ फिरवून झाडांना पाणी घालत राही. खेड्यातली माणसे मात्र सरकारी जागा म्हणून वाफ्यापासून लांबूनच जात. मला फार वाटे, एकदा तरी कोणी मला मोठ्याने वाचावे.

जर्मनांशी चाललेली लढाई संपायच्या आदल्या वर्षीची गोष्ट. महिन्यातून एकदा लष्कराचा एक साहेब मोटारीने कचेरीत येई. ज्यांची मुले लढाईवर होती त्यांना तो खबर सांगे. त्या दिवशी माण तालुक्यातून राहीबाई आली. तिच्या अर्जुनाची दिवाळीपासून काहीच खबर नव्हती. तिने वहाणा काढल्या, कारंज्यावर पाय धुतले, पदराने तोंड पुसले. कचेरीच्या पायरीपर्यंत गेली आणि परत फिरली. माझ्यापुढे वाकून तिने एक गुलाब खुडला आणि दोन्ही हातांच्या ओंजळीत धरला. तिने इकडेतिकडे बघितले नाही.

त्याच वेळी सांगलीचे एक गृहस्थ बाग बघायला आले होते. डोक्यावर टोपी, अंगात लांब कोट, हातात चांदीच्या मुठीची काठी. बरोबर भाची होती. ती त्यांना तात्या म्हणत होती.

“शके, काय लिहिलंय ते वाच बघू,” तात्या म्हणाले.

शकू माझ्याकडे बघून पुटपुटली.

“मोठ्यानं. मुंग्यांना वाचून दाखवतेस का?”

शकूचे कान लाल झाले. मग तिने मला खणखणीत आवाजात वाचले. माझे शब्द साऱ्या बागेत गेले. मी खांबापर्यंत शहारले. खोटे कशाला सांगू, मला आनंदच झाला.

कृष्णात दचकून उठला. त्याला वाटले, हे कोणी अंमलदार आहेत आणि मुलीकडून वाचून घेऊन आपल्यालाच ऐकवताहेत.

“बाई, फूल का तोडलंसा?”

“सायबाकडं जायाचंय. रिकाम्या हातानं कसं जाऊ? देवाच्या दारात जातो का आपण तसं?”

“ह्यो देव न्हाई, कचेरी हाय.”

“माझ्या अर्जुनाचं ह्येलाच ठावं हाय न्हवं? मग माझा त्योच देव.”

कृष्णातने तात्यांकडे बघितले. तात्या म्हणाले, “आम्हाला काय विचारतोस? लिहिलंय ना समोर.”

मग कृष्णात तिला फाटकावरच्या पोलिसाकडे घेऊन गेला. पोलिसाने तिला ‘बस इथं’ म्हणून बसवले आणि तो विसरून गेला. ती आपली बसून राहिली. उन्हे कलली, साहेबाची मोटार तिच्या समोरून बाहेर गेली. राहीबाईने उठून मोटारीला नमस्कार केला.

शकू कचेरीच्या कमानी बघून परत आली तेव्हा मान खाली घालून माझ्यापुढून गेली. तिचा काय दोष? वाक्य माझे होते.

पुढच्या महिन्यात राहीबाई पुन्हा आली. ओल्या फडक्यात तरवडाची पिवळी फुले होती. तिने ती आधी कृष्णातला दाखवली.

“ही माझ्या बांधावरची हायती बाबा. हितली न्हाईत.”

“जावा मावशी, आत जावा,” कृष्णात खाली बघत म्हणाला.

थोड्या वेळाने ती बाहेर आली. अर्धी फुले हातातच होती.

“काय म्हनला सायेब?”

“जित्ता हाय. पायाला लागलं हुतं. मागल्या म्हैन्यात पुण्यात इस्पितळात हुता. आयला बोलवा म्हनायचा म्हनं. आता बरा झाला. परवाच पुन्ना बोटीवर चढवला.”

कृष्णातने हातातले खुरपे खाली ठेवले.

मी हे सगळे ऐकले. मागल्या महिन्यात. म्हणजे ती फाटकावर बसून राहिली त्या दिवशी.

आता माझा रंग उडाला आहे. ‘हुकमावरून’ हे भाऊसोने एवढे जपून काढलेले अक्षर कोणाला लागत नाही. एका कडेने वाळवी लागली आहे. नवी पाटी तयार होते आहे असे कारकून बोलतात, आणि मला कृष्णातच्या चुलीत जावे लागेल. माझी तक्रार नाही. मात्र नवी पाटी लावणाऱ्यांनो, तिच्याजवळ एखादे माणूसही ठेवा. ज्याला वाचता येत नाही त्याला, तो वाकायच्या आधी, हळूच सांगेल असे.

अर्जुन परत आला की नाही, मला माहीत नाही. राहीबाई पुन्हा दिसली नाही. पण त्या दुसऱ्या खेपेला जाताना ती माझ्यापाशी आली होती. उरलेली फुले तिने माझ्या बुडाशी ठेवली आणि खांबाला हात लावला.

“माझं चुकलं, पोटात घाल. माझ्या लेकरावर कोप करू नगंस.”

मग ती तशीच वर बघत थांबली, मी काहीतरी म्हणेन म्हणून. माझ्याजवळ एकच वाक्य होते. मी तिच्यापुढे तेच धरून उभी राहिले.