माझ्या पिवळ्या उजेडातले बाळ

मित्रांनो, मी एक जुना टेबलावरचा दिवा आहे आणि स्वभावाने मत्सरी आहे. हे आधीच सांगितलेले बरे, कारण माझी गोष्ट ऐकताना तुम्हाला ते कळणारच आहे. पितळी दांडा, खाली जड बैठक, वर मधाच्या रंगाच्या कापडाची टोपी आणि आत पिवळा बल्ब, असे माझे रूप. मला बघून कुणी नाक मुरडल्याचे आठवत नाही. पण माझ्या शेजारी दुसरे काही उजळले, की माझ्या पोटात दुखायला लागते.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथे दोन कारागीर दांडे घासून चकचकीत करत आणि एक बाई आमच्या टोप्या शिवत असे. ती बसायची कुठे, तर खिडकीपाशी! टाके नीट दिसावेत म्हणून. आजूबाजूला पन्नास दिवे उभे आणि काम मात्र खिडकीच्या उजेडात. खिडक्यांशी माझे वाकडे आले ते तेव्हापासून.

एका बाईंनी मला विकत घेतले. त्यांना दोन मुले होती, थोरली मुलगी आणि धाकटा मुलगा. दोघेही माझ्याभोवती वह्या पसरून बसत. बाई कौतुकाने म्हणत, "या दिव्यात सगळी माणसं कशी गोड दिसतात!" खरेच होते ते. दमलेले चेहरे, भिंतीवरचे डाग, चादरीचा विटका रंग, माझ्या उजेडात सगळे मऊ होऊन जाई. त्या एका वाक्यावर मी कितीतरी वर्षे काढली.

मग छतापाशी ट्यूब आली. पांढरीफटक, रूप ना रंग, पण मान केवढा! मुलगी लग्न होऊन दुसऱ्या घरी गेली, बाई वारल्या आणि मी कपाटावर गेलो. तिथे मोडकी छत्री आणि जुनी बॅग यांच्यामध्ये पडून मी ट्यूबचा हेवा करत दिवस ढकलले. तो धाकटा मुलगा मोठा झाला, लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला लागला, त्याचे लग्न झाले. माझ्याकडे कुणी मान वर करूनही बघितले नाही.

आणि एके दिवशी त्यानेच मला खाली उतरवले, पुसले, नवा बल्ब बसवला. घरात मुलगी जन्माला आली होती! दोन दिवसांचे ते बाळ दवाखान्यातून घरी आले होते. ट्यूब त्याच्या डोळ्यांवर येई म्हणून मला बोलावणे आले. बाळंतिणीची आई मदतीला आली होती, म्हणजे बाळाची आजी. तिने आल्याआल्या खोलीचा जाड पडदा ओढून घेतला. "उजेड आला की पोर डोळे मिचकावते," ती म्हणाली.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातला तो सर्वांत सुखाचा दिवस. खिडकी पडद्याआड आणि मी बाळाच्या उशाशी! भर दुपारीसुद्धा मीच लागलेला असे. पडद्याच्या कडेने उजेडाची बारीक रेघ आत येई, तेवढीही मला खपत नसे.

माझ्या उजेडात बाळ सुरेख दिसे. आजी म्हणे, "कशी सोन्यासारखी दिसते बघ." मी मनातल्या मनात फुगून जाई. ते सोने माझेच होते ना!

दवाखान्यातून निघताना नर्सने बजावले होते, दोन दिवसांनी बाळाला पुन्हा दाखवायला आणा. तो दिवस उजाडला तेव्हा बाळ गाढ झोपलेले होते. आजी म्हणाली, "झोपलेल्या बाळाला कशाला हलवायचं? उद्या जाऊ." दुसऱ्या दिवशीही ते झोपलेलेच होते, तेव्हा पुन्हा उद्या. दूध प्यायला घेतले की दोन घोट पिऊन ते पेंगायचे. रडणे जवळजवळ नाहीच. बाळाच्या आईला थोडी चुटपुट लागली. "आई, अगं, ही उठतच नाही गं नीट."

"शहाणं बाळ आहे. तू अशी होतीस का? घर डोक्यावर घ्यायचीस." आजीने धुवायच्या कपड्यांची बादली उचलली. "आणि बघ, सकाळपासून एकच लंगोट ओला. काम वाढवत नाही बिचारी."

आता मी एक कबुली देतो. सांगायला लाज वाटते, पण सांगतो. त्याच दुपारी वाऱ्याने पडदा हलला आणि बाहेरच्या उजेडाचा पट्टा बाळाच्या पावलावर पडला. तेवढ्या पट्ट्यात इवलासा तळवा पिकल्या लिंबासारखा पिवळा दिसला. तो मी पाहिला. आणि माझ्या मनात पहिला विचार कोणता आला? ही खिडकी मेली माझ्या बाळाला विद्रूप करते आहे! पडदा पुन्हा जागेवर आला तेव्हा मला बरे वाटले. मत्सराने माणसाचे डोळे जातात म्हणतात. दिव्याचेही जातात.

बाळ घरी आल्याच्या पाचव्या दिवशी दुपारी त्याची आत्या आली. म्हणजे माझ्याखाली अभ्यास करणारी तीच थोरली मुलगी. ती आता कापडाच्या दुकानात काम करते. गिऱ्हाइकाच्या कापडाला जुळणारे अस्तर शोधून द्यायचे, दिवसभर रंगाला रंग लावून बघायचा, हे तिचे काम. मला पाहून ती हसली. "अय्या, हा अजून आहे होय! याच्याखाली पाढे पाठ केलेत आम्ही." मी खूश झालो. पण ते सुख फार टिकले नाही.

तिने स्वतः शिवलेले झबले पिशवीतून काढले. आजीने ते हातात घेऊन म्हटले, "छान शिवलंय हो. पिवळं शोभेल हिला."

"पिवळं? मावशी, पांढरंशुभ्र आहे ते!"

"असेल बाई. मला तर पिवळट दिसतंय."

इतकी वर्षे रंग ओळखण्यात घालवलेली बाई ती, तिला ते कसे सहन व्हावे? "अहो, या दिव्यात सगळं पिवळंच दिसणार. आमच्या दुकानात आम्ही गिऱ्हाइकाला कापड घेऊन दारात उभं करतो. दिव्याखाली रंग ठरवायचा नाही, पहिल्या दिवशी शिकवलं होतं मला. थांबा, दाखवते."

माझ्या उजेडात वाढलेली पोर आणि माझ्यावरच उलटली! मी आतून जळफळलो. तिने झबले बाळाच्या छातीवर पसरले आणि पडदा सर्रकन बाजूला केला.

खोलीभर दिवस आला. कापड पांढरेशुभ्र झाले. बाळ मात्र पिवळेच राहिले.

आत्याचा हात पडद्यावर तसाच थांबला. मग ती बाळाच्या आईला म्हणाली, "अगं, उचल हिला. खिडकीपाशी आण."

तिने बाळाच्या कपाळावर बोट हलकेच दाबून उचलले. बोटाखालची कातडी पिवळी. पोट पिवळे, मांड्या पिवळ्या, पावलेही पिवळी. पापणी जराशी वर केली, तर डोळ्याचा पांढरा भागही पिवळा.

"सकाळी किती प्यायली?"

"नाहीच हो ताई," बाळाची आई म्हणाली. "झोपेतच होती. मला वाटलं, पोट भरलंय."

तिने बाळाचे तळवे चोळले, गाल चोळला, छातीशी धरले. बाळाने तोंड उघडले, पण ओढेना. एक बारीक, चिरका सूर काढला आणि पुन्हा मान टाकली.

आजी घाबरली होती, तरी म्हणाली, "कावीळ थोडी थोडी बऱ्याच बाळांना होते. जाते आपली आपण. आता पडदा उघडलाच आहे, तर जरा उन्हात धरू."

"मावशी, थोडी असती तर मीही गप्प बसले असते. ही पायांपर्यंत उतरलीय, आणि पोर प्यायला उठत नाही. आता उन्हाबिन्हाच्या भानगडीत पडायचं नाही. मी काही डॉक्टर नाही, म्हणूनच म्हणते, डॉक्टरकडे चला. आत्ता."

पाच मिनिटांत तिघी बाळाला घेऊन रिक्षात बसल्या. मला विझवायचेही कुणाला सुचले नाही. भर दुपारच्या उजेडात मी एकटाच लागलेला राहिलो. दिव्याखाली अंधार म्हणतात, मित्रांनो. माझ्याखाली अंधार नव्हता, उजेडच होता, आणि तोच नडला.

संध्याकाळी बाळाचे बाबा कपडे न्यायला आले. पिशवी भरता भरता ते फोनवर कुणाला तरी सांगत होते, "रक्त तपासलं. कावीळ खूप चढलीय. डॉक्टर म्हणाल्या, अजून चढली असती तर मेंदूला धक्का बसला असता, ऐकू येणंसुद्धा गेलं असतं. निळ्या दिव्याखाली ठेवलंय. डोळ्यांवर पट्टी बांधून. अजून काही सांगता येत नाही म्हणाल्या." त्यांनी मान फिरवली आणि बाहीने डोळे पुसले.

निळा दिवा! मी ट्यूबवर जळलो, खिडकीवर जळलो, पण त्या न पाहिलेल्या निळ्या दिव्याइतका कुणावर जळलो नाही. तो बाळाला बरे करत होता. मी उशाशी उभा राहून त्याचे दुखणे झाकले होते. तोही दिवा, मीही दिवा. असे का व्हावे? रागाने आणि दुःखाने माझा जीव अगदी कडू झाला. आणि तरीही मी आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या दिव्यासाठी मनापासून म्हणालो, पेटता राहा रे बाबा. क्षणभरही विझू नकोस.

तिसऱ्या दिवशी दारातूनच रडणे ऐकू आले. केवढे ते रडणे! शेजारची माणसे डोकावून गेली. आजी डोळे पुसत हसत होती आणि म्हणत होती, "रड बाई, रड. मी आता शहाणं म्हणायची नाही तुला."

बाळाच्या आईने खोलीत पाऊल टाकताच माझ्याकडे बोट केले. "हा दिवा आधी टाकून द्या."

"दिव्याचं काय चुकलं?" आत्या म्हणाली. "तो त्याच्या रंगाने लागला. दिवस असताना पडदा लावून बसलो ते आपण. राहू दे त्याला बाहेरच्या खोलीत, वाचायला होईल."

म्हणजे तिने मला वाचवले. पण माझ्याबद्दल मला जे माहीत होते, ते तिला माहीत नव्हते.

आता मी बाहेरच्या खोलीत असतो. रोज सकाळी बाळाची आई पडदा उघडते, बाळाला खिडकीपाशी नेते, त्याचे डोळे बघते, तळवे बघते आणि मग त्याचा मुका घेते. मला दारातून ते दिसते. खिडकीला तो मान मिळावा हे मला आजही बघवत नाही, खोटे कशाला बोलू?

मित्रांनो, तुमच्या घरी, शेजारी कधी इवलेसे बाळ येईल. ते फार गप्प असेल तर त्याला शहाणे म्हणून मोकळे होऊ नका. प्यायला उठत नसेल, लंगोट कोरडे राहत असतील, अंग तापलेले किंवा गार लागत असेल, धाप लागल्यासारखा श्वास चालला असेल, तर घरातल्या मोठ्यांचा पदर ओढा आणि म्हणा, डॉक्टरकडे चला. जन्मल्या दिवशीच पिवळे दिसले तर एक तासही थांबू देऊ नका. इतक्या लहान जिवाला उद्यावर ढकलायचे नसते.

आणि त्याचा रंग बघायचा असेल तेव्हा पडदा उघडा. ज्याने आयुष्यभर एकच मागितले की मला लावा, तो दिवा आज तुम्हाला हात जोडून सांगतो आहे. बाळाकडे बघण्याआधी मला विझवा.