खंडेनवमीचं इंजिन

गंगाधरपंत एका मोठ्या कारखान्याच्या विद्युत विभागाचे प्रमुख म्हणून निवृत्त झाले, पण हे फक्त कारखान्याला कळलं. गंगापूर रोडवरच्या बंगल्यात त्यांचा साहेबी थाट कायम होता. त्यात जर्मनीतल्या मुलाने, मयुरेशने, जूनमध्ये विजेवर धावणाऱ्या छोट्या रेल्वेचा संच पाठवला आणि साहेबांनी हॉलमधलं आठ माणसांचं सागवानी टेबल ताब्यात घेतलं. "दहा दिवसांचा प्रश्न आहे," असं बायकोला सांगितलं. बघता बघता ऑक्टोबर उजाडला.

त्या टेबलावर इंदिराबाईंचा शिवणक्लास चालायचा. कटिंग शिकवायला तेवढं टेबल लागतंच. देवळाली कॅम्पातून सहा जवानांच्या बायका बसने यायच्या. चार महिने वाट पाहून त्यांनी निरोप धाडला होता, की दिवाळीआधी क्लास सुरू झाला नाही तर आम्ही कॅम्पातल्याच नवसाबाईंच्या शिवणक्लासात नाव घालतो. सगळ्या संसारात स्वतःचं म्हणावं असं इंदिराबाईंनी एवढंच उभं केलं होतं. ते हातचं जाणार या विचाराने त्यांना घास गोड लागत नव्हता.

खंडेनवमीला साहेबांनी हत्यारं पूजेला मांडली. पक्कड, टेस्टर, मल्टिमीटर आणि मधोमध इंजिन. त्याच्या प्रत्येक चाकाला ओली हळद, वर कुंकू. तेवढ्याने समाधान होईना, म्हणून हळदीची बोटं रुळांवरूनही गोल फिरवली. आरती झाली, हळद वाळली. संध्याकाळी बटण दाबलं, तर इंजिन एक उचकी देऊन जागच्या जागी बसलं.

"अहो, रुळांवर हळद वाळलीय. पुसून बघा की," इंदिराबाई म्हणाल्या. वीज रुळांतून चाकांत आणि चाकांतून मोटरीत जाते, हे साहेबांनीच त्यांना चार वेळा समजावलं होतं.

शेजारचे सावळीराम समोर बसले होते. साहेब त्यांच्याकडे बघून हसले. "इंदिरा, हे पोळपाट-लाटणं नव्हे. ही इलेक्ट्रॉनिक्सची भानगड आहे."

सावळीरामही हसले. इंदिराबाई आत गेल्या आणि पुन्हा त्या विषयावर बोलायचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी दोष व्होल्टेजवर गेला. भारनियमनाचे दिवस, वीज कधी मंद तर कधी गायब. साहेबांनी फ्रिजचा स्टॅबिलायझर काढून रेल्वेला जोडला. रेल्वे हलली नाही, फ्रिजमधलं दूध मात्र नासलं. तिसऱ्या दिवशी इंजिन उघडून मोटरीचे कार्बन बदलले. जोडताना दोन स्क्रू उरले, ते जर्मनांनी जास्तीचे घातले होते म्हणे.

चौथ्या दिवशी टीव्ही मेकॅनिक दिनेश आला, रविवार कारंजा चौकातला. त्याने दोन मिनिटं वाकून पाहिलं. "साहेब, आधी रूळ पुसू का? करंटच पोचत नाही."

"मी आयुष्यभर हजारो व्होल्ट खेळवले. मला फडकं मारायला शिकवतोस?"

दिनेश पिशवी उचलून निघाला. दारात हळूच म्हणाला, "काकू, नुसतं स्पिरिटने पुसलं तरी पळेल हो."

"ठाऊक आहे मला. चहा घेऊन जा."

तोवर साहेबांनी ज्येष्ठ नागरिक मंडळाला रविवारी सकाळी रेल्वे बघायला येण्याचं आमंत्रण देऊन ठेवलं होतं. वर मंडळाच्या चौदाही जणांसमक्ष शब्द दिला होता, "दहा फेऱ्या झाल्या नाहीत तर त्याच दिवशी खोकं भरून माळ्यावर टाकेन." शनिवारी दुपारी साहेब झोपले असताना इंदिराबाई टेबलाजवळ थांबल्या. हातात फडकं होतं. चारचौघांत नवऱ्याची फजिती व्हावी असं त्यांना वाटत नव्हतं. पण रूळ पुसले तर क्लास गेला. त्या टेबलाच्या कडा पुसून परत गेल्या आणि दिवसभर स्वतःवरच चिडत राहिल्या.

रविवारी चौदा ज्येष्ठ नागरिक जमले. इंजिन हललं नाही. कोणीतरी खोकलं. साहेबांनी जाहीर केलं, "पॉवर कमी पडतेय," आणि बारा व्होल्टच्या जागी चोवीस व्होल्टचा सप्लाय जोडला. इंजिनाने वीतभर उडी घेतली आणि धूर सोडला. मंडळाने पोहे मात्र मन लावून खाल्ले.

सगळे गेल्यावर मयुरेशचा फोन आला. साहेबांनी अर्धा तास हकिगत सांगितली, मग ऐकलं आणि फोन ठेवला तेव्हा चेहरा उजळला होता.

"बघ! म्हणतो, बाबा, रूळ आणि चाकं पुसली होती का? तिकडे बसून पोराने नेमकं ओळखलं. याला म्हणतात डोकं. डिसेंबरात नवं इंजिन पाठवतोय. तोवर टेबल असंच राहू दे."

"मी खंडेनवमीलाच सांगितलं होतं तुम्हाला," इंदिराबाई म्हणाल्या.

"काय?"

"रूळ पुसा म्हणून."

साहेबांनी खरोखर आठवून पाहिलं. "छे. तू कधी?"

ते खोटं बोलत नव्हते. बायकोचं बोलणं त्यांनी झिडकारलं होतं, तेही त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं. आदल्या दिवसापासून इंदिराबाईंच्या मनाला लागून राहिलेली टोचणी तिथल्या तिथे थांबली. त्यांनी टेबलावरचा पहिला रूळ खटकन सोडवला, मग दुसरा.

"अगं, हे काय करतेस? नवं इंजिन यायचंय!"

"चौदा माणसांसमोर शब्द दिलात. त्यातलं एकही माणूस बहिरं नव्हतं," असं म्हणून त्यांनी उरलेले रूळ खोक्यात भरले, खोकं साहेबांच्या हातात दिलं आणि देवळालीला फोन लावला. "उद्या दोनला या गं सगळ्या. टेबल मोकळं आहे."